सुळ्याच्या जागी उपदाढ: अदलाबदल झालेले दात तसेच ठेवून केलेली एक ट्रीटमेंट

तेरा पूर्ण झालेली मुलगी, आठवीत, सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली, घरी द्राक्षबाग. तक्रार एवढीच की डावीकडचा वरचा सुळा हिरडीत उंच बाहेर आलाय आणि बोलताना ओठ त्याच्यावर अडकतो. शाळेत दात तपासणीचं शिबिर झालं, तिथं सांगितलं की तारा लावाव्या लागतील, म्हणून आई आणि आज्जी तिला घेऊन आल्या. घरच्यांना विचारून लिहितेय, नाव-गाव लिहिणार नाही. आणि एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की अशी केस आली की घरचे तर विचारतातच, पण आपल्या फील्डमधले, म्हणजे दात सरळ करणारे ऑर्थोडॉन्टिस्ट, पण बरेच जण पहिल्यांदा हेच विचारतात की दात जागेवर कसे आणायचे. माझ्या मते तो दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न मुळं कुठं आहेत हा, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ब्रॅकेटचा, म्हणजे तार अडकवायला दातांवर चिकटवायच्या तुकड्यांचा, डबा उघडूच नये.

आधी नंबर सांगते म्हणजे पुढं वाचायला सोपं जाईल. वरच्या डाव्या बाजूला मधल्या दातापासून मागं मोजत गेलं की २१, २२, मग २३ म्हणजे सुळा, २४ म्हणजे पहिली उपदाढ, २५ दुसरी उपदाढ आणि २६ मोठी दाढ. हिच्या तोंडात २२ च्या मागं दुधाचा सुळा अजून घट्ट बसलेला, हलवून बघितला तर जराही हलत नाही. त्याच्या मागं २४, तो स्वतःभोवती फिरलेला आणि क्राउन, म्हणजे मूळ सोडून वरचा दिसणारा भाग, मागं कललेला. आणि २३ कुठं तर २४ आणि २५ च्या मधोमध, गालाच्या बाजूला, उंच, अर्धा क्राउन बाहेर. उजवीकडं सगळे दात आपापल्या क्रमानं, पण १२, म्हणजे उजवीकडचा मधल्याच्या शेजारचा दात, बारीक, खुंटीसारखा निमुळता, ज्याला आम्ही पेग लॅटरल म्हणतो. त्याच्यामुळं वरची मध्यरेषा उजवीकडं साधारण दीड मिमी सरकलेली. मागच्या दाढा दोन्ही बाजूला नीट एकमेकीत बसतायत, खाली पुढच्या दातांत दोनेक मिमीची किरकोळ दाटी, चेहरा बाजूनं बघितला तर सरळ, ओठ पुढं आलेले नाहीत.

आज्जी म्हणाल्या, दातावर दात आलाय म्हणजे पोरगी नशिबाची आहे, म्हणून इतके दिवस आणली नाही. असं बऱ्याच घरी ऐकायला मिळतं आणि त्याच्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मी फक्त दुधाच्या सुळ्यावर बोट ठेवून दाखवलं की आज्जी, हा दात उजवीकडचा कधी पडला आणि हा अजून का आहे बघा. आईला आठवत होतं, उजवीकडचा पाचवीत असताना पडलेला. म्हणजे दोन-तीन वर्षांचा फरक. एका बाजूचा दुधाचा दात पडला आणि दुसऱ्या बाजूचा सहा महिने उलटून गेले तरी घट्ट आहे, तर तिथं एक्स-रे काढायलाच हवा.

ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, काढला, त्यात २३ आणि २४ ची मुळं एकमेकांवर आलेली दिसत होती आणि नेमकं काय ते कळत नव्हतं. ओपीजी सपाट चित्र असतं, पुढं काय आणि मागं काय हे त्याच्यात लपतं. म्हणून डाव्या बाजूचा तेवढ्याच भागाचा सीबीसीटी, म्हणजे थ्रीडी स्कॅन, करून घेतला. स्क्रीनवर एकेक स्लाइस खालून वर सरकवत गेलं की क्राउनच्या पातळीवर २४ पुढं आणि २३ त्याच्या मागं-बाहेर, मुळाच्या मध्यावर तेच, आणि अगदी मुळाच्या टोकाशी गेलो तरी तेच, २३ चं टोक २४ च्या टोकांच्या मागं. म्हणजे क्राउन पण बदललेला आणि मूळ पण. याला पूर्ण अदलाबदल म्हणायचं, कम्प्लीट ट्रान्सपोझिशन. नुसते क्राउन एकमेकांना ओलांडून गेलेत आणि मुळांची टोकं मात्र आपापल्या जागी आहेत अशी अर्धवट अदलाबदल पण असते, ती वेगळी गोष्ट, तिथं क्राउन उलट फिरवून आणता येतो कारण मूळ हलवायचंच नसतं. वरनं बघताना दोन्ही केस अगदी सारख्या दिसू शकतात. सगळा प्लॅन या एका फरकावर उभा राहतो.

सीबीसीटीत आणखी दोन गोष्टी दिसल्या ज्या मला फार महत्त्वाच्या वाटल्या. २४ ला दोन मुळं होती, एक गालाच्या बाजूला, एक टाळूच्या. वरच्या पहिल्या उपदाढेला असं बऱ्याचदा असतंच, त्यात विशेष नाही, पण इथं सुळ्याला त्याच्या शेजारून जायचं म्हटलं तर ते गालाकडचं मूळ बरोबर वाटेत. आणि त्या भागात बाहेरच्या बाजूचं हाड कागदासारखं पातळ, काही स्लाइसमध्ये तर आहे की नाही अशी शंका यावी. चांगली बातमी एवढी की २५ आणि २२ ची मुळं शाबूत होती, २३ नं कुणाचं मूळ खाल्लेलं नव्हतं.

हा प्रकार किती आढळतो, तर साधारण हजारात तीन-चार जणांत. म्हणजे दुर्मिळ खरा, पण वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करणाऱ्याला भेटतोच. शेल्डन पेक आणि लीना पेक या दंतसंशोधकांनी १९९५ मध्ये वरच्या जबड्यातल्या अशा २०१ केसेस एकत्र करून त्यांची वर्गवारी केली, त्यात १४३ म्हणजे ७१ टक्के केसेस हिच्यासारख्याच होत्या, सुळा आणि पहिली उपदाढ. त्याच्या खालोखाल सुळा आणि लॅटरल, म्हणजे मधल्याच्या शेजारचा दात, २० टक्के. बाकीचे प्रकार मोजकेच. मुलींमध्ये जास्त, एकाच बाजूला जास्त, आणि डाव्या बाजूला जास्त, तिन्ही गोष्टी हिला लागू पडतात. सुळा-उपदाढ या प्रकाराच्या मागं आनुवंशिकता असते असं पेक मंडळींनी मांडलं आणि त्याचा मोठा आधार हाच की या पेशंटमध्ये पेग लॅटरल किंवा जन्मतःच एखादा दात नसणं नेहमीपेक्षा खूप जास्त सापडतं. हिचा १२ बघितला की तेच समोर येतं. सुळा-लॅटरल प्रकारात मात्र लहानपणी पुढच्या दुधाच्या दातांना मार लागल्याचा इतिहास बऱ्याचदा मिळतो, तिथं पडलास का, लागलं होतं का हे विचारायलाच पाहिजे.

आता काय करायचं याचे तीन रस्ते होते.

पहिला, क्रम सुधारायचा, सुळा २२ च्या मागं आणायचा आणि उपदाढ त्याच्या मागं. ऐकायला हाच बरोबर वाटतो. करायचा कसा, तर २४ ला आधी टाळूच्या बाजूला आत ढकलून वाट मोकळी करायची, मग सुळा मूळ वर राखून बाहेरच्या बाजूनं पुढं न्यायचा, मग २४ परत बाहेर आणायचा. सुळ्याचं मूळ तोंडातलं सगळ्यात लांब, दात एकूण २६-२७ मिमी, आणि तो सगळाच्या सगळा जवळजवळ ७ मिमी पुढं न्यायचा, तेही कागदासारख्या पातळ हाडातून, २४ च्या गालाकडच्या मुळाला घासत. हाड गेलं की हिरडी खाली... म्हणजे वरच्या दाताला वर सरकते आणि मूळ उघडं पडतं, मुळं एकमेकांना टेकली की झिजतात, आणि ट्रीटमेंट कितीतरी लांबते. हे होतच नाही असं मी म्हणत नाही, चांगल्या हातांनी केलेल्या अशा केसेस छापून आलेल्या आहेत आणि बघून आदर वाटतो. पण त्यात बहुतेक वेळा एक तर अदलाबदल अर्धवट असते, किंवा पेशंट लवकर सापडलेला असतो, सुळा अजून हाडात वर असताना, किंवा हाड जाड असतं. हिच्याकडं यातलं काहीच नव्हतं.

दुसरा रस्ता, २४ काढून टाकायचा. वाटेतला अडथळाच गेला, सुळा आरामात पुढं येतो. वर दाटी भरपूर असेल किंवा दात पुढं आलेले असतील आणि नाहीतरी उपदाढा काढायच्याच असतील तर मी हेच करते, आणि पेशंटला पण पटतं. पण इथं वरच्या जबड्यात दाटी नाही, चेहरा सरळ. २४ काढला तर सुळा दुधाच्या सुळ्याच्या जागी बसेल आणि मागं सहा मिमीची मोकळी जागा उरेल, ती भरायला डावीकडच्या सगळ्या दाढा पुढं ओढायच्या, म्हणजे नीट बसणाऱ्या दाढा एका बाजूला मुद्दाम बिघडवायच्या. एक निरोगी दात काढून बदल्यात काय मिळालं, तर सुळा सुळ्याच्या जागी. मला तो सौदा बरोबर वाटला नाही.

तिसरा रस्ता, आहे तो क्रम मान्य करायचा. २४ ला सुळ्याच्या जागी बसवायचं, २३ ला उपदाढेच्या जागी, आणि दोघांचं रूप असं बदलायचं की समोरून बघणाऱ्याला कळू नये. हिशोब मांडला. दुधाचा सुळा ७ मिमी, २४ पण ७, म्हणजे २२ ते २५ च्या मधे १४ मिमी जागा. बसवायचे २४ आणि २३, दोघं मिळून १४.८. कमी पडतंय ते मिमीच्या आतलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, २४ ची मुळं आधीच पुढं होती, क्राउन तेवढा मागं कललेला, म्हणजे त्याला फक्त सरळ उभं करायचं. निसर्गानं मूळ जिथं ठेवलंय तिथं क्राउन आणायचा, एवढंच. हाड वाचतं, मुळं वाचतात, वेळ वाचतो.

माझं मत तिसऱ्याच्या बाजूनं पक्कं होतं, पण घरच्यांना ते पटणं वेगळं. आज्जींनी सरळ सांगितलं, "मॅडम, पैसं लागत्याल ते घ्या, पर सुळा त्येच्या जाग्यावर आणा की. अर्ध काम कशाला करायचं?" आईचं पण मनातून तेच. आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, दात जागेवर नाही म्हणून तर आल्या होत्या. अशा वेळी तोंडानं समजावून काही उपयोग होत नाही असा माझा अनुभव. म्हणून प्लॅस्टर मॉडेलची कॉपी घेऊन त्यातले दात करवतीनं सुटे केले आणि लाल मेणात नव्या क्रमानं बसवले, २४ पुढं, २३ मागं, उपदाढेचं आतलं टोक घासून, पुढचं टोक पांढऱ्या मेणानं जरा लांबवून. जुनी पद्धत आहे, केसलिंग सेटअप म्हणतात, आता हे कॉम्प्युटरवर पण होतं, पण हातात घेता येणारी वस्तू लोकांना जास्त पटते. पुढच्या खेपेला वडील पण आले. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, समोरून बघितलं, बाजूनं बघितलं, उजवीकडच्या खऱ्या सुळ्याशी ताडून बघितलं आणि विचारलं, "चावायला काय फरक पडंल का?" नेमका प्रश्न. सांगितलं की खालचा जबडा बाजूला सरकवताना एरवी सुळा एकटा सगळा भार घेतो, इथं तो भार दोन-तीन दात मिळून घेतील, तसं खूप लोकांचं नैसर्गिकच असतं आणि त्यानं काही बिघडत नाही, फक्त उपदाढेचं आतलं टोक वाटेत येता कामा नये, ते घासावं लागेल. मग सीबीसीटीत ते पातळ हाड दाखवलं. ते बघितल्यावर आज्जीच म्हणाल्या, मग ऱ्हाऊ द्या जिथं हाय तिथं. मुलीला पण वेगळं विचारलं, कारण तार तिच्या तोंडात लागणार. तिला फक्त फोटोत दोन्ही बाजू सारख्या दिसतील का हे हवं होतं.

कामाला सुरुवात दुधाचा सुळा काढण्यापासून. वर टाळूवरून दोन्ही दाढांना जोडणारी ट्रान्सपॅलेटल आर्च बसवली म्हणजे दाढा हलणार नाहीत. ब्रॅकेट एमबीटी पद्धतीचे, ०.०२२ इंचाचा स्लॉट म्हणजे तार बसायची खाच. ब्रॅकेट कुठल्या दातावर कुठला आणि किती उंचीवर, या केसमधली निम्मी ट्रीटमेंट यातच आहे, म्हणून इथं जरा थांबते.

सुळ्याची हिरडी उपदाढेच्या हिरडीपेक्षा वर असते. हसताना वरची हिरडी दिसणाऱ्या माणसात हा फरक लगेच नजरेत भरतो, आणि ही मुलगी हसली की हिरडी दिसायची. म्हणून २४ ला थोडं वर ढकलायचं म्हणजे त्याची हिरडी वर जाईल आणि नंतर टोक कॉम्पोझिटनं, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावानं, लांबवायचं. उलट २३ ला थोडं खाली आणायचं आणि टोक घासायचं. तर २४ चा ब्रॅकेट नेहमीपेक्षा टोकाकडं लावला आणि २३ चा नेहमीपेक्षा हिरडीकडं. सवयीनं नेहमीच्या उंचीवर लावले तर दात सरळ होतात पण हिरडीची रेघ चुकते आणि मग कितीही चांगलं कॉम्पोझिट करा, बघणाऱ्याला काहीतरी खटकतंच. दुसरं टॉर्कचं, म्हणजे मूळ आत किंवा बाहेर कलवण्याचं. सुळ्याचं मूळ बाहेरून फुगीर दिसतं, तो फुगवटा सुळ्याच्या जागी शोभतो, उपदाढेच्या जागी शोभत नाही. म्हणून २३ वर सुळ्याचाच ब्रॅकेट उलटा करून लावला, त्यामुळं उणे ७ चा टॉर्क अधिक ७ होतो आणि मूळ टाळूकडं जातं. २४ ला मात्र मूळ थोडं बाहेर हवं म्हणजे तिथं सुळ्यासारखा उठाव येईल, आणि तसं केल्यानं त्याचं आतलं टोक आपोआप वर उचललं जातं, घासायला कमी उरतं. पण त्या बाजूचं हाड आधीच पातळ, त्यामुळं हा टॉर्क अगदी शेवटी आणि अगदी हळू दिला, उठाव पूर्ण आला नाही तरी चालेल असं ठरवून. आणि २४ जो फिरलेला होता तो पूर्ण सरळ केला नाही, पुढची कड जरा आत ठेवली. त्यानं आतलं टोक मागं लपतं आणि समोरून दात सुळ्यासारखा दिसतो.

सुरुवातीला ०.०१४ नायटाय, म्हणजे निकेल-टायटॅनियमची लवचिक वायर, २३ सोडून बाकी सगळ्यांना. मग ०.०१८ स्टीलच्या वायरवर २४ आणि २५ च्या मधे दातांना दूर ढकलणारी ओपन कॉइल स्प्रिंग, २४ पुढं उभा राहायला लागला आणि मधे जागा तयार व्हायला लागली. जागा झाल्यावर २३ ला वरून आणायला स्टीलच्या वायरवरच दुसरी बारीक ०.०१२ नायटाय वायर जोडून लावली, ज्याला पिगीबॅक म्हणतो. थेट एकाच वायरमध्ये त्याला बांधला असता तर तो खाली आला असता पण शेजारचे दात वर ओढले गेले असते. जोर अगदी हलका ठेवला, कारण दात हिरडीसकट खाली यायला हवा, हिरडीला मागं टाकून नव्हे. उजवीकडं १२ च्या दोन्ही बाजूला कॉइलनं जागा केली, त्यातच मध्यरेषा पण परत आली.

मधे छाटणीचा सीझन आला, मग पुढं बेदाण्याचा, आणि घरच्यांना तिला घेऊन यायला जमेना. द्राक्षाच्या भागात प्रॅक्टिस करणाऱ्याला हे धरूनच चालावं लागतं, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीत आणि काढणीच्या दिवसांत कुणी येणार नाही. म्हणून त्या काळात अशी वायर ठेवायची की महिना-दीड महिना जास्त गेला तरी ती नको तिकडं काम करणार नाही. कॉइल काढून टाकली, साधी स्टीलची वायर घालून सगळं बांधून ठेवलं. खाण्याचं पण तसंच, इकडं नुसतं 'चॉकलेट खाऊ नको' सांगून भागत नाही, ऊस सोलून खाऊ नको, चिक्की नको, आणि बेदाणे खाल्लेस तर लगेच चूळ भर आणि ब्रश कर, ते ब्रॅकेटच्या भोवती चिकटून बसतात. ऊस तिनं एकदा खाल्लाच, २५ चा ब्रॅकेट हातात घेऊन आली.

०.०१९ बाय ०.०२५ च्या स्टील वायरवर आल्यावर खरं बारीक काम. २४ चं आतलं टोक एकदम घासलं नाही, दर खेपेला थोडं, आणि प्रत्येक वेळी फ्लोराइड वार्निश. असं हळूहळू घेतलं की आत पल्पला, म्हणजे दाताच्या नसेला, स्वतःला सावरायला वेळ मिळतो आणि थंड-गरम लागत नाही. घासताना दात टेकतात तिथं रंग उठवणारा आर्टिक्युलेटिंग पेपर ठेवून जबडा डावीकडं-उजवीकडं फिरवायला लावायचा, आतल्या टोकावर निळा ठिपका येतोय तोवर काम बाकी आहे. २३ चं टोक सपाट केलं आणि बाहेरचा फुगवटा जरासा कमी केला. जागा मिमीच्या आत कमी पडत होती ती २५ आणि २६ च्या मधे थोडं स्ट्रिपिंग करून, म्हणजे कडा किंचित घासून, काढली.

तारा काढल्यावर कॉम्पोझिट. १२ ला पूर्ण आकार दिला, डावीकडच्या २२ शी मोजून. २४ चं टोक लांबवलं आणि पुढची कड थोडी भरली. इथं शेडची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, सुळा हा मुळातच शेजारच्या दातांपेक्षा जरा पिवळसर असतो, उपदाढ त्यापेक्षा उजळ. उजवीकडं खरा सुळा, डावीकडं सुळ्याच्या वेषात उपदाढ, म्हणून २४ वरचं कॉम्पोझिट एक शेड गडद घेतलं. खिडकीजवळ उभं करून, दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक वगैरे काही नसताना बघितलं, खुर्चीवरच्या लाइटमध्ये शेड ठरवू नये. आईनं लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि विचारलं की बदललेला दात कुठला.

शेवटच्या ओपीजीत मुळं एकमेकांना समांतर आहेत, २२ च्या मुळाचं टोक किंचित बोथट झालंय, बाकी ठीक. डावीकडची हिरडी उजवीकडच्या मानानं अजूनही अर्धा मिमी खाली आहे. फोटो मोठा करून बघितला की दिसतं, समोर बसून बोलताना दिसत नाही. हिरडी कापून तेवढी बरोबर करता आली असती, पण वाढत्या वयात ती अजून बदलते, म्हणून हात लावला नाही. पहिल्या प्लॅनचा आग्रह धरला असता तर अर्ध्या मिमीची चर्चा करायला मी मोकळी नसते, २३ चं उघडं पडलेलं मूळ घेऊन बसले असते, असं मला ते हाड आठवलं की वाटतं.

फिरलेला दात परत फिरतो, हे ऑर्थोच्या प्रत्येकाला ठाऊक. २४ भोवतीचे हिरडीचे ताणलेले धागे बधिर करून कापले आणि आतून १२ पासून २४ पर्यंत फिक्स रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी बारीक तार, चिकटवला. एरवी वर आपण बऱ्याचदा १२ पासून २२ पर्यंत घेतो, इथं डावीकडं २४ पर्यंत. शिवाय रात्री घालायचा काढता येणारा रिटेनर. कॉम्पोझिटचं वय मर्यादित असतं, रंग बदलतो, कडा तुटतात, मोठी झाल्यावर १२ आणि २४ ला विनिअर, म्हणजे दातावर चिकटवायचं पातळ कवच, करायचे का ते तिचं तिनं ठरवावं, हे आईला आत्ताच लिहून दिलंय.

हीच मुलगी नऊ-दहा वर्षांची असताना कुणी बोट फिरवून बघितलं असतं तर? त्या वयात वरच्या ओठाखाली, दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवर बोट फिरवलं की येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा हाताला लागतो. दोन्ही बाजूला सारखा लागला तर ठीक. एका बाजूला लागत नाही, किंवा भलतीकडं, मागं लागतोय, तर ओपीजी. तेव्हा सुळा वर हाडात असतो, मूळ पूर्ण झालेलं नसतं, दुधाचा सुळा वेळेत काढून आणि जागा करून काही केसेसमध्ये त्याला योग्य वाटेला लावता येतं, आणि नाही जमलं तरी हाड जाड असताना निर्णय घेता येतो. खालच्या जबड्यात लॅटरल आणि सुळ्याची अदलाबदल होते तिथं तर आणखी लवकर, सात-आठ वर्षांच्या वयात, लॅटरल मागं आडवा कललेला दिसतो तेव्हाच त्याला उभं केलं तर पुढची सगळी भानगड टळू शकते. शाळेतल्या शिबिरात कीड मोजतात, ते हवंच, पण चौथी-पाचवीच्या पोरांच्या हिरडीवरून बोट फिरवायला प्रत्येकी दहा सेकंद लागतात आणि माझी फार इच्छा आहे की शिबिराच्या फॉर्मवर त्यासाठी एक रकाना असावा.

तिचा धाकटा भाऊ आहे, नववं चालू. आनुवंशिकतेचा भाग असल्यामुळं त्याला पण बोलवून घेतलं. दोन्ही सुळे वर बरोबर जागी लागतात, उंचवटे सारखे. पण ओपीजीत खालची डावी दुसरी उपदाढ, ३५, तयारच झालेली नाही, म्हणजे पक्का दात बहुतेक येणारच नाही. त्याच्या वरची दुधाची दाढ मजबूत आहे, मूळ झिजलेलं नाही. ती तशीच टिकवायची ठरलंय, कीड लागू नये म्हणून सीलंट लावून दिलंय, आणि दर वर्षी काढणी संपली की मे महिन्यात दोघं भावंडं एकत्र तपासणीला येतील.